पाच फुटांचा परवाना

टेपचं टोक भिंतीच्या पायाशी धरायला सांगितलं, तेव्हा दोघे भाऊ एकदमच वाकले. डोक्याला डोकं आपटता आपटता राहिलं. थोरला लगेच सरळ झाला, टोक धाकट्याने धरलं.

दोन घरांमधल्या या भिंतीला पाच फुटांचा परवाना होता. ती जास्त उंच असल्याची निनावी तक्रार नगरपालिकेत आली, म्हणून टेपसाहेब मोजायला आले होते. बांधकामं तपासण्यात उभा जन्म गेल्यामुळे त्यांचं खरं नाव आता कोणालाच आठवत नसे. माप जास्त भरलं तर भिंत पाडायची, बरोबर निघालं तर ती कायमची राहणार, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

एरवी अशा वेळी मालक गयावया करतात, चहा पुढे करतात. इथे चहाचं नाव नव्हतं.

मातीखालीही विटांचा एक थर आहे, तो धरा, असं धाकट्याने सुचवलं. तो मोजत नाहीत, साहेब म्हणाले. मग माथ्यावरची सिमेंटची कड तरी धरा, असं थोरल्याचं म्हणणं पडलं. तीही धरत नाहीत. साहेब चक्रावले. माप वाढवून मागणारा मालक त्यांना आजवर भेटला नव्हता.

दोघे बोलत होते ते फक्त साहेबांशी. दोन वर्षांपूर्वी गाडी कुठे लावायची यावरून त्यांचं वाजलं. रागाच्या भरात थोरल्याने परवाना काढला, धाकट्याने ईर्ष्येने विटा उतरवून घेतल्या. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

माप भरलं चार फूट साडेअकरा इंच.

"नियमात आहे," साहेब खुशीत म्हणाले. "आता हिला कोणी हात लावणार नाही."

दोघांची तोंडं अशी काही उतरली, की तक्रार कोणाची हे विचारायची गरज उरली नाही. एकाने ती केली होती, आणि दुसऱ्याला आपण का केली नाही याची चुटपुट लागली होती. भिंत दोघांनाही नकोय हे कळून साहेबांना मनापासून बरं वाटलं. त्यांनी परवान्याचा कागद पुन्हा उघडला आणि या वेळी डोळ्यांत तेल घालून वाचला.

"सामाईक हद्द आहे. दोन्ही घरांच्या सह्या लागतात, इथे एकट्या थोरल्यांची आहे." त्यांनी पेन धाकट्यापुढे धरलं. "सही केलीत तर भिंत पक्की. नाही केलीत तर परवाना रद्द, भिंत उतरवावी लागेल."

धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी सही करणार नाही."

आता जुनं भांडण पेटतं की काय, म्हणून साहेब घाईघाईने थोरल्याकडे वळले. थोरल्याचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो भावाकडे बघत होता.

"नकोच करूस," तो म्हणाला. "थांब, पहार आणतो."