इलेक्ट्रॉन देणार कोण?

“मॅडम, इलेक्ट्रॉन देणारा पदार्थच संपला, तर पुढे काय?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून प्रयोगशाळा बघायला आलेल्या सगळ्या पालकांदेखत दहावीतल्या त्या मुलीने विचारून टाकलं. टेबलावरच्या काचेच्या नळीतलं पाणी दिव्याच्या उजेडात निळंशार झालं होतं आणि त्यात मिसळलेल्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजनचे बुडबुडे उठत होते. बाबांनी कोपराने ढोसलं. “गप गं! तुला कॉमर्स घेऊन दुकान सांभाळायचंय.” संशोधक बाई मात्र हसल्या. “पुढे? गुपचूप नवा पदार्थ ओततो! खरं तर इलेक्ट्रॉन पाण्यानेच द्यायला हवेत, पण या नळीत ते आम्हाला अजून जमलेलं नाही.” मैत्रिणींचं खिदळणं थांबलं. बाईंनी ती निळी नळी तिच्या हातात ठेवली. “बघ, एवढ्या शिकलेल्यांनाही जमेना,” आई कुजबुजली. “म्हणूनच तर!” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “आई, बाबा, दुकानाला दुसरं कुणीतरी शोधा. मी सायन्स घेणार!”