पाच आडव्या रेषा
एरमेकच्या पाठीवर पाच रेषा होत्या, जांभळट, आडव्या. कुस्तीच्या सरावात वस्तादांनी त्या पाहिल्या आणि त्याला नारिन शहरातल्या दवाखान्यात नेऊन त्याच्या सावत्र वडिलांना, सापारना, तिथं बोलावलं. सापार घोड्यावरून उतरून आत येताच वस्तादांनी त्यांचा चाबूक हिसकावून टेबलावर आपटला. "पोरगं म्हणजे घोडं वाटलं काय रे?" "बाबांनी कधी बोटही लावलं नाही!" एरमेक रडवेला झाला. "मला वाटलं, काहीतरी भयंकर आजार आहे, म्हणून लपवलं." डॉक्टरबाईंनी रेषांवरून बोट फिरवलं. "वळ नाहीत, आजारही नाही. वयात येताना अंग झपाट्यानं वाढतं, कातडी ताणली जाते. रेषा हळूहळू फिकट होतील." वस्तादांनी चाबूक दोन्ही हातांनी परत दिला. "चुकलो, सापार." "माझं शिंगरूसुद्धा इतकं भराभर वाढत नाही!" सापार हसले. डॉक्टरबाईंनी एरमेकला मोजपट्टीशी उभं केलं. मागच्या वसंतापेक्षा उंची अकरा सेंटिमीटर जास्त.