शंभराला एक चढ

जाईचा पहिला वाढदिवस झाला ते साल २००८. नातीच्या वाढदिवसासाठी दीनानाथ नागपूरहून परदेशी लेकीकडे, मिसिसागाला आले होते, आणि पुढच्याच आठवड्यात ते जावयामागे सायकल मारत होते. लिंडसेहून हॅलिबर्टनपर्यंतची ही वाट जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेली होती. तीन दिवसांचा बेत होता.

"थांबा हो जरा," ते मागून म्हणाले. "धाप लागली."

उन्मेषने ब्रेक दाबला. जेमतेम अकरा किलोमीटर झाले होते आणि थांबण्याची ही तिसरी वेळ.

"छातीत दुखतंय का, बाबा?"

"छे! वय झालं. या, सावलीत बसू. तुम्हीही बसा."

निघायच्या आदल्या दिवशी बेसमेंटमध्ये ड्रायरमधले कपडे काढताना रुचाने नवऱ्याला हळूच सांगितलं होतं, "बाबांचं हार्ट वीक आहे. त्यांच्यापाशी विषय काढू नकोस, त्यांना आवडत नाही. फक्त हळू ने."

"मग न्यायलाच नको ना. मी आपला ऑफिसच्या लोकांबरोबर एका दिवसात करून येतो."

"पस्तीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर काढलीत त्यांनी. ही वाट बघायचीय म्हणतात. ने ना, प्लीज."

तिचे डोळे भरून आले होते. उन्मेषने ऑफिसच्या मित्रांना फोन करून नाही म्हटलं.

वर किचनमध्ये फ्रिजला चुंबकाखाली दोन कागद होते. एक जाईच्या लशीचा, दुसरा उन्मेषच्या कसल्याशा टेस्टचा. ती त्याने कामामुळे सप्टेंबरवर ढकलली होती.

दीनानाथांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची छोटी बाटली होती. खडबडीत वाटेवर ती वाजायची. आवाज थांबला की उन्मेष दचकून मागे बघायचा. म्हातारा जागेवर असायचा, आणि दर वेळी त्याच्याकडेच बघत असायचा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी दलदल सुरू झाली. मैलोगणती माणूस नाही.

"अस्वल आलं तर?" दीनानाथांनी विचारलं.

"पळायचं नाही म्हणतात."

"उत्तम. पळणं आपल्याला मना आहेच."

उन्मेष हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. या माणसाला इथे काही झालं तर घरी रुचासमोर उभं कसं राहायचं?

दुपारी किनमाउंटला एका छोट्या हॉटेलात ते जेवले. उन्मेषने ॲसिडिटीची गोळी चघळली. डावा खांदा भरून आला होता. बॅगेचा पट्टा सैल करावा लागणार होता. तेवढ्यात काउंटरपाशी दीनानाथ आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत वेट्रेसला विचारताना त्याला ऐकू आले, "मॅडम, नियरेस्ट हॉस्पिटल हाऊ फार?"

म्हणजे त्रास होतोय यांना, आणि सांगत नाहीत.

"उद्या टॅक्सी करू या, बाबा."

"करू या की!" दीनानाथ इतक्या उत्साहाने म्हणाले, की उन्मेषला आश्चर्य वाटलं. पण उद्याचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा. सायकलींसकट न्यायला कोणी तयार होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोनला सिग्नल नव्हता.

"हा चढ आहे, बरं का," दीनानाथ म्हणाले. "शंभराला एक, शंभर फुटांत एक फूट. डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला कळतो. हळू घ्या."

"मी हळूच आहे. तुम्ही बोलू नका, दम लागेल."

उन्मेषच्या पाठीवरून घाम निथळत होता. त्याने एकदा खांदा चोळला. एकदा थांबून हँडलवर डोकं टेकवलं.

मागे सायकल आपटल्याचा आवाज झाला.

दीनानाथ वाटेवर बसले होते. हात छातीवर. "आई गं…"

"बाबा! गोळी घ्या! खिशात आहे ना, काढा!"

"तुम्ही आधी बसा. इथे, माझ्याजवळ. तुम्ही बसलात की मला बरं वाटेल."

"बसू काय! सिग्नल नाही इथे." उन्मेषने नकाशा उघडला. "मोठा रस्ता आठ किलोमीटरवर आहे. ॲम्ब्युलन्स घेऊन येतो."

"नको! उन्मेषराव, जाऊ नका!"

त्यांनी त्याचं मनगट धरलं. पकड विलक्षण घट्ट होती. उन्मेषने जोर लावून हात सोडवला, सासऱ्यांच्या डोक्याखाली स्वतःची बॅग ठेवली आणि सायकलवर टांग टाकली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याने जीव खाऊन पॅडल मारलं.

"थांबा! मला काही झालेलं नाही हो!"

घाबरलेला माणूस असंच म्हणतो, हे उन्मेषला ठाऊक होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दीनानाथ ताडकन उठले. सहासष्टाव्या वर्षी ते त्या चढावर कुठेही न थांबता, धाप न लागता पाच किलोमीटर सायकल मारत गेले. वळणापलीकडे उन्मेषची सायकल आडवी पडली होती, मागचं चाक अजून फिरत होतं. तीन दिवस खिशात वाजलेल्या बाटलीचं सील त्यांनी दातांनी फोडलं आणि नवऱ्यासाठी देताना रुचाने सांगितलं होतं तशी एक गोळी जावयाच्या जिभेखाली ठेवली. उन्मेष सोमवार, ४ ऑगस्ट २००८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास वारला. दीनानाथ आजही रोज दहा किलोमीटर चालतात.