नव्वदच्या आत

ताईने डब्याचं झाकण उघडलं आणि फ्रेमवाल्या भावाच्या हातातली पट्टी वाकडी कापली गेली.

"हे काय आणलंस?" करवत खाली ठेवत त्याने विचारलं.

"काही नाही रे. लोण्याचा केक. वर साखर जाळून घातलीय, तुला आवडते तशी. आणि खालच्या डब्यात तळलेले बटाटे आहेत. ते आधी खा, गार झाले की चिवट होतात."

त्या अरुंद दुकानात एवढा वेळ सरसाचा आणि भुशाचा वास होता. आता लोण्याचा वास असा काही पसरला की फ्रेमवाल्याला रडू यायचंच बाकी राहिलं. दीड महिना तो उकडलेल्या कोबीवर दिवस काढत होता. घरी बायकोने बिस्किटांच्या कपाटाला कुलूप घातलं होतं. धाकटीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा शेजाऱ्यांच्या घरी कापला गेला, आणि हा गॅलरीत उभा राहून नुसत्या टाळ्या ऐकत होता. हे सगळं कुणासाठी? तर समोर स्टुलावर बसून निवांतपणे चमचा पुसणाऱ्या या बाईसाठी. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. भावाची जुळत होती. पण त्याच्या पोटाकडे एकदा बघून डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, नव्वद किलोच्या आत आलात तर ऑपरेशनची तारीख देते, नाहीतर दुसरा कोणी शोधा. दुसरा कोणी नव्हता. आणि आज दुपारी दवाखान्यातून वजन विचारायला फोन येणार होता.

"ताई, आजचा दिवस तरी थांबायचंस ना."

"उपाशीपोटी फोनवर बोलणार का तू?"

"उपाशी कुठे? कोबी खाल्लाय मी."

"कोबीला खाणं म्हणतात होय!"

त्याने कपाळाला हात लावला. दर आठवड्याला हेच चाललं होतं. पोरींना सुट्टी लागली म्हणून जामची बिस्किटं, सुट्टी संपत आली म्हणून पुन्हा जामची बिस्किटं, आणि मधल्या काळात काहीच निमित्त नाही म्हणून चीज भरलेला पाव. बरं, ओरडायचं तरी कसं? आजारी माणूस.

तेवढ्यात समोरचा न्हावी आपला आरसा झाला का बघायला आला. आरसा अजून बिनफ्रेमचाच, भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला होता. "संध्याकाळी देतो," म्हणत फ्रेमवाल्याने डबा त्याच्यापुढे सरकवला. "केक घ्या. सगळा घ्या. उपकार होतील."

न्हाव्याने हात पुढे केला आणि ताईने डबा मागे ओढला. "त्याच्यासाठी केलाय हो," ती म्हणाली. न्हावी हात तसाच खिशात घालून निघून गेला.

"गिऱ्हाईक होतं ते, ताई!"

"असू दे. बाळ्या, केक राहू दे. बटाट्यात मीठ बरोबर पडलंय का तेवढं सांग. मला कुठे चव घेता येते आता?"

त्याने एक फोड तोंडात टाकली. मीठ बरोबर पडलं होतं. बरोबर म्हणजे काय, जीव जावा इतकं बरोबर. दुसरी फोड कधी तोंडात गेली ते त्याला कळलं नाही. तिसरी कळली. मग स्वतःवरच चिडून त्याने हात पुसले, टेबलाखालचा वजनकाटा बाहेर ओढला आणि आरशासमोर ठेवून त्यावर उभा राहिला.

"बघू, बघू," म्हणत ताई उठून त्याच्या मागे आली.

चौऱ्याण्णव.

सकाळी घरी एकोणनव्वद होतं. त्याने खिशातले खिळे काढले, मोजपट्टी काढली, पट्टा सोडला, चपला तर आधीच काढल्या होत्या. पुन्हा बघितलं. पंच्याण्णव.

"तीन बटाट्यांनी?" त्याचा आवाज चिरका झाला. "ताई, तीन बटाट्यांनी सहा किलो?"

"काय करणार," ताई म्हणाली. "तुझा बांधाच तसा आहे. नाही जमत तर नाही. खा आता पोटभर."

हताश होऊन त्याने मान खाली घातली आणि त्याला तिरक्या आरशात काट्याची मागची बाजू दिसली. त्याच्या टाचांच्या मागे ताईचा पाय होता. सुजून तुकतुकीत झालेला, सँडलच्या पट्ट्यांचे वळ उमटलेला पाय. अंगठ्याने काटा दाबून धरलेला.

"ताई, पाय काढ."

"कुठला पाय?"

"ताई."

पाय हलला नाही. "लहानपणी असा काटा दाबला तर तुला कधी कळायचं नाही," ती म्हणाली.

"दीड महिना कोबी खातोय मी! नको होतं तर तोंडाने सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" तिने त्याच्या शर्टाला मागून लागलेला भुसा झटकला. "तुझी एक मला लावतील. उद्या तुझी राहिलेली बिघडली, तर तुला कोण देणार? तुझ्या पोरी?"

त्याला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्याने काट्यावरूनच हात लांब करून तो उचलला.

"हो, मीच बोलतोय," तो म्हणाला. "वजन ना? एकोणनव्वद."

पायाखाली आकडा शंभराच्या वर गेला.