घरभेट

घड्याळजी न्हाणीघरात शिरला, आतून नळाचा आवाज आला, तशी बायकोनं कंबर कसली.

जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून तिनं थेट वाटेत आणलं. तिपाई स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याची खुर्ची खिडकीजवळून उचलून कपाटापाशी. पाण्याचा जग आणि पेले ओट्याच्या एका टोकाचे दुसऱ्या टोकाला.

इतकी वर्षं ह्या घरात तिनं चमचासुद्धा जागचा हलू दिला नव्हता. पाहुण्यानं खुर्ची जरा सरकवली, की त्याची पाठ वळायच्या आत ती पुन्हा जागेवर. "वहिनींच्या घरात बसताना परवानगी काढावी लागते," अशी दिरांची थट्टाही तिनं हसून सोसली होती. आणि नेमकी हीच शिस्त तिच्या अंगाशी आली होती.

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या घड्याळजीला आता दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार कळायचा, बस्स. डॉक्टरांनी दाखल्यात मात्र 'अंशतः दृष्टी' असं काहीतरी गुळमुळीत लिहून दिलं, म्हणून अंधांना भत्ता देणाऱ्या सरकारी कचेरीनं खात्री करायला घरी माणूस पाठवला. त्या दिवशी घड्याळजीनं स्वतः दार उघडलं, साहेबांना पाणी दिलं, वर भिंतीवरच्या घड्याळाला चावीही दिली. अर्ज फेटाळला गेला. अर्जदार घरात सहज वावरतात, म्हणे.

मग तिनं अपील केलं. नवऱ्याला ना अर्जाचा पत्ता होता, ना अपिलाचा. घरपट्टीचा कागद म्हणून तिनं त्याची सही घेतली होती. आंधळेपणाचे पैसे मागतोय हे त्याच्या कानावर गेलं असतं, तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

पण भत्त्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो मिळाला नाही, तर एका आजारी म्हातारीकडे रात्रंदिवस राहायचं काम तिला धरावं लागणार होतं, आणि घड्याळजीला गावाबाहेरच्या संस्थेत ठेवावं लागणार होतं. ती संस्था ती बघून आली होती. ओळीनं खाटा, आणि खाटांवर भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं. परवा भावाशी फोनवर बोलताना तिला रडू आवरलं नाही. "ह्यांचं एकट्याचं घरी निभायचं नाही रे," ती म्हणाली होती. "तिकडेच ठेवावं लागेल." घड्याळजी तेव्हा आतल्या खोलीत आडवा झाला होता.

आंघोळ झाल्यावर तिनं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"खुर्ची हलवलीस?" त्यानं विचारलं.

"झाडायला हलवली. अहो, मी चौकात जाऊन साहेबांना घेऊन येते. मागे आले होते ना, ते. उठू नका हं."

"काय काम आहे त्यांचं?"

"सहज येतायत."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढं काही विचारलं नाही.

साहेबांची बस चांगलीच उशिरा आली. ती दोघं घरी पोचली तेव्हा घड्याळजी खुर्चीतच होता, पण सदरा घामानं भिजलेला आणि नडगी सोललेली.

"अहो, हे काय? उठलात कशाला?"

"तहान लागली होती. तिपाई लागली पायाला."

तिनं पदरानं त्याची नडगी टिपली. आणि सांगायला लाज वाटते, पण तिला हायसंही वाटलं. हेच आता साहेबांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं.

साहेब बसले. हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. मग काळजावर दगड ठेवून ती म्हणाली, "अहो, साहेबांना जरा पाणी आणता?"

हे शब्द काढताना तिला स्वतःचीच किळस आली.

घड्याळजी उठला. टेबलाच्या कोपऱ्यापाशी कमरेत किंचित वळला. तिपाईला बगल देऊन आत गेला. ती जीव मुठीत धरून काच फुटायची वाट बघत राहिली. काही फुटलं नाही. भरलेला पेला घेऊन तो आला आणि बरोबर साहेबांच्या पुढ्यात थांबला.

साहेब पाणी प्यायले आणि तिला बाहेर जिन्यापाशी बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं अपील वाचून मलाही वाटलं होतं, मागच्या वेळी सवयीनं वावरले असतील. पण आज तुम्ही सगळं सामान हलवलंय. आल्या आल्याच माझ्या लक्षात आलं. तरी त्यांचा कुठं साधा धक्का लागला नाही."

"पायाला लागलंय बघा ना त्यांच्या..."

"मला जे दिसलं ते मी लिहिणार. आणि अपिलात घरभेट एकदाच होते." ते जिना उतरून गेले.

ती कठडा धरून उभी राहिली. सगळं संपलं होतं. आणि मग त्याहून वाईट असं काहीतरी तिच्या मनात शिरलं. ह्यांना दिसतं. आपण ह्यांची नखं कापली, रस्त्यानं हात धरून चाललो, नोकरीवर पाणी सोडलं, आणि हे सगळं बघत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. आत येऊन तिनं दार धाडकन लावलं.

"अहो, खरं सांगा. किती दिसतं तुम्हाला?"

घड्याळजी हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. तिचा हात धरायला त्यानं हात पुढं केला, तो तिच्या शेजारच्या रिकाम्या हवेत चाचपडत राहिला.

"काही दिसत नाही गं. तू गेल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घातल्या. धडपडलो, पुन्हा उठलो. घड्याळ उघडल्यावर एकेक चक्र बोटांनी पाठ करायचो ना, तसं सगळं घर पाठ केलं. परवा फोनवर तू भावाशी बोललीस, ते ऐकलं होतं मी. आज साहेब येणार म्हणालीस, तेव्हाच ओळखलं, हे त्या संस्थेचे. माझं एकट्याचं निभतं का ते बघायला येणार." अखेर तिचा हात त्याला सापडला. "निभलं ना? आता नाही ना पाठवणार मला तिकडं?"