पिशव्या सांभाळायला कोण?

बस थांबली तशी कुमुदआत्यानं सवयीनं हात पुढे केले. "आणा इकडे पिशव्या."

गड असो की लेणी, गुडघ्यांमुळे आत्या कायम पायथ्याशी. आम्ही वर हुंदडून यायचो आणि तिनं राखलेल्या चिवड्यावर तुटून पडायचो. "वर काय दिसलं गं?" ती दरवेळी विचारायची. "काही नाही, दगड," मी भरल्या तोंडानं सांगायचे.

समोर उलुरू होता. कोवळ्या उन्हात वालुकाश्माचा तो अवाढव्य खडक शेंदूर फासल्यासारखा लाल दिसत होता. बाबांनी बुटांच्या नाड्या आवळल्या. "वर जायची वाट कुठून?"

"वर कुणालाच जाता येत नाही," आमचा टूर मॅनेजर म्हणाला. "इथल्या मूळ लोकांसाठी हा खडक पवित्र आहे. पायथ्याच्या सपाट वाटेनं भोवती चालायचं."

बाबांचा चेहराच पडला. "एवढं ऑस्ट्रेलियात येऊन वर जायचंच नाही?"

"अरे विनू, देवाच्या डोक्यावर कुणी चढतं का? प्रदक्षिणा घालायची असते!" आत्या इतक्या मोठ्यानं हसली, की पुढची माणसं वळून बघायला लागली. तिनं एकेक करून सगळ्या पिशव्या बाबांच्या खांद्याला अडकवल्या, पदर खोचला आणि काठी टेकत सगळ्यांच्या पुढे निघाली.

पहिल्या वळणावर तिनं मागे पाहिलं. पिशव्या सावरत बाबा रखडत येत होते.

"दमलास तर बस हो इथंच," ती म्हणाली. "काय काय दिसलं, ते मी येऊन सांगते."