पाहुण्याचं पाणी

“तुम्ही माझी पोर मारलीत.”

योका बायिच नगरपालिकेच्या सभेत उभी राहून हे बोलली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण एवढं एक वाक्य तिनं आठवडाभर घोकलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाई, टेकडीवरच्या विहिरीचं पाणी शुद्ध आहे. दाखल्यावर माझी सही आहे. तुमच्या लोकांना हात धुवायची सवय नाही, त्याला आम्ही काय करणार?”

सभा हसली. ज्या हातांनी या गावाचं पोलाद ओतलं, त्या हातांवर हसली.

टेकडीवर पोलाद कारखान्यात राबायला परदेशातून आलेले सर्ब होते, स्लोव्हाक होते, खालच्या अंगाला आयरिश आणि काळ्या मजुरांची घरं होती. विहीर मात्र सगळ्यांची एकच. कारखान्याच्या संडासांचा ओहोळ तिच्या कडेनं वाहायचा. त्या शरदात अकरा मुलं विषमज्वरानं गेली. त्यात योकाची दानित्सा होती, सहा वर्षांची. धाकटी मिल्का उरली होती. नळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत आले होते आणि अध्यक्षांच्या फाटकासमोर थांबले होते. पुढच्या सोमवारी नळाची फाइल कायमची बंद होणार होती. कुणी आवाज करू नये म्हणून हुकूमही निघाला होता: टेकडीवर दहापेक्षा जास्त माणसांची सभा भरली तर अटक.

त्याआधीच्या शुक्रवारी संत लुकाचा दिवस होता. बायिचांच्या घराण्याचा संत तोच. सर्बांच्या घरी अशा दिवशी स्लावा असते. सकाळी मेणबत्ती लागते आणि घरधनी दिवसभर उभा राहून पाहुण्यांना वाढतो, स्वतः बसत नाही.

दुपारपर्यंत घर भरलं. मग अंगण भरलं. मग गल्ली. कोपऱ्यावर तांबुरित्सांच्या तारा वाजायला लागल्या. स्लोव्हाक आले, आयरिश आले, काळे मजूर बायकापोरांसह आले. चार वाजता अध्यक्ष स्वतः आले, बरोबर हवालदार मॅकनल्टी, तोही आयरिशच.

“ही सभा कुणी बोलावली?” अध्यक्ष दारातूनच ओरडले.

योकाचा नवरा ओब्राद भट्टीवरचा माणूस. त्याचा आवाज भट्टीवरच घडलेला.

“कुणीच नाही, साहेब. स्लावाला आम्ही आमंत्रण देत नाही. ज्याला आठवण होते तो येतो. आणि आलेल्याला घालवत नाही. बघा ना, तुम्हालासुद्धा आठवण झाली!”

गल्लीभर हशा पिकला. मॅकनल्टीनं मिशीवरून हात फिरवत तोंड लपवलं.

“साहेब, घरच्या सणाला अटक कशी करू?” तो पुटपुटला. “आत माझी सख्खी बहीण बसलीय. डुकराचं भाजलेलं मांस खातेय.”

अध्यक्षांनी गर्दीकडे पाहिलं. निवडणूक तोंडावर होती आणि यातल्या साठेक जणांना नागरिकत्वाचे कागद मिळाले होते. अध्यक्ष हसले आणि टोपी काढून आत आले.

योका ताट घेऊन पुढं झाली. उकडलेला गहू, त्यात अक्रोड आणि साखर. पाहुण्यानं उंबऱ्याच्या आत आल्यावर आधी एक चमचा हे खायचं, वर पाणी प्यायचं. दोन्ही झाल्याशिवाय तो त्या घरचा पाहुणा होत नाही. अध्यक्षांनी चमचा तोंडात घातला. “वा!” म्हणाले. त्यांना खरंच आवडलं असावं.

योकानं ग्लास पुढं केला.

त्यांनी तो ओठांपाशी नेला आणि तिथंच थांबवला.

“पाणी कुठलं?”

“टेकडीवर कुठलं असतं, साहेब?”

“मला… तहान नाही.”

त्यांनी ग्लास मेजावर ठेवला आणि खुर्चीत बसले. तांबुरित्सा थांबल्या. खिडकीतून, दारातून, जिन्यावरून माणसं बघत होती. ओब्राद एक पाऊल पुढं आला.

योकानं मिल्काला कडेवर घेतलं. तोच ग्लास उचलला आणि पोरीच्या तोंडाला लावला.

“अगं योके!” ओब्राद किंचाळला.

पण त्याच्याहून मोठा आवाज अध्यक्षांचा होता. ते खुर्ची पाडून उठले होते.

“नको! ते पोरीला पाजू नका!”

मिल्का घटाघट प्याली. हनुवटीवरून पाणी गळलं, ते तिनं बाहीनं पुसलं. मॅकनल्टीनं साहेबाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्यानं टोपी काढली आणि ओब्रादच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पुढच्या वसंतात नळ टेकडीच्या टोकापर्यंत गेले. सर्बांच्या घरात, स्लोव्हाकांच्या, आयरिशांच्या, काळ्यांच्याही. पाइप पुरायला ओब्रादनं पहिली कुदळ मारली. तोंडावर आलेल्या त्याच निवडणुकीत टेकडीचा पहिला माणूस नगरपालिकेत जाऊन बसला आणि त्याच्यावर हसायची कुणाची छाती झाली नाही. ज्यांना इतिहासात या लोकांचं नाव सापडत नाही, त्यांनी आधी नळ उघडून बघावा.

पण टेकडी जिंकली ती त्या खोलीतच.

योकानं रिकामा ग्लास अध्यक्षांसमोर ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

“हे पाणी तुमच्या फाटकासमोरच्या नळाचं आहे, साहेब. पहाटेपासून आम्ही बायका, घरच्या पुरुषांनाही न सांगता, बादल्यांनी वर वाहतोय. आमच्या संताच्या दिवशी पाहुण्याला विहिरीचं पाणी पाजणं आमच्या घराण्यात बसत नाही, मग पाहुणा तुमच्यासारखा का असेना. माझ्या पोरीला काही होणार नाही. आता इथं सगळ्यांसमोर सांगा, विहीर शुद्ध आहे, तर तुम्ही ओरडलात कशाला?”